सूर्य बुडायच्या आत: पाडव्याला फुलांच्या महोत्सवात

आमच्या घरच्या सहलींचं वेळापत्रक गेली अकरा वर्षं सूर्य ठरवतो. मी राधानगरीची, भातशेती आणि म्हशींच्या घरातली; लग्न होऊन आले कोल्हापुरात, जैनांच्या घरी. माझ्या सासूबाई, ज्यांना घरात आणि गल्लीत सगळेच आक्का म्हणतात, सूर्य बुडाला की पाणीसुद्धा घेत नाहीत. त्यामुळे गणपतीपुळे असो की गोवा, संध्याकाळी साडेपाचला आमची गाडी कुठल्यातरी झाडाखाली थांबते, डबा उघडतो, आणि समुद्रावरचा सूर्यास्त हुकला म्हणून धुसफुसत मी भाजी वाढते. या ब्लॉगवर मी त्याची भरपूर थट्टा केली आहे. जुन्या पोस्टमधल्या काही ओळी आता गायब झालेल्या दिसतील, त्याचं कारण ही पोस्ट आहे.

झालं असं, की शाहूवाडीच्या वाटेवर जे नवं थीम पार्क झालंय, तिथं दरवर्षी होळीनंतर फुलांचा महोत्सव भरतो. माझ्या मोबाइलवर पंधरा दिवस त्याचेच फोटो येत होते. झेंडूची दहा फुटी कोल्हापुरी चप्पल, मेंदीच्या झुडपातून कापून काढलेला पैलवान, आणि सगळ्यात भारी म्हणजे एक एकरभर फुलांचा मोर, जो फक्त आकाशपाळण्यातून दिसतो. मोराचा असा वरून काढलेला फोटो माझ्या ब्लॉगवर हवाच, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. पार्कचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जे झालं त्यात त्यांची चूक थोडी आणि माझी जास्त होती.

पाडव्याच्या दिवशी सुट्टी होती. सकाळी गुढी उभारली, पुरणपोळ्या झाल्या. आक्कांना साखरेचा त्रास, चार वर्षांपासून इन्सुलिन चालू, म्हणून त्यांनी अर्धीच पोळी खाल्ली, तीही तुपाशिवाय. निघताना शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली आणि गुढी उतरवायला सांगितलं.

"दिवस हाय तवर उतरीव म्हणावं," आक्का जिन्यातून म्हणाल्या. "न्हायतर इसरंल ती. तिचं ध्यान लेकीच्या घराकडं असतंय."

"आठवणीनं सांगितलंय, आक्का."

दोन वाजता निघालो: माझा नवरा अजित, आमची नऊ वर्षांची ओवी, आक्का आणि मी. जाणाऱ्यांसाठी रस्त्याचं सांगते. शिवाजी पूल ओलांडेपर्यंतच वीस मिनिटं गेली, कारण सणाचे सगळे पाहुणे एकाच वेळी निघाले होते. पुढं रत्नागिरी रस्त्याचं काम चालू आहे, एक बाजू उकरलेली, धूळ इतकी की काचा खाली करायची सोय नाही. वाघबीळच्या पुढं हवा बदलते. बांबवडे सोडलं की डावीकडं आत वळायचं, तिथून चार किलोमीटर अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना भाताची कोरडी खाचरं. समोरून ट्रॅक्टर आला तर एकाला मागं जावं लागतं, आणि कोल्हापुरात मागं कोण जातं? आम्ही दहा मिनिटं एका ट्रॅक्टरसमोर नाकाला नाक लावून उभे होतो. पोहोचलो तेव्हा पावणेचार झाले होते.

पार्किंग पन्नास रुपये. तिकीट मोठ्यांना सहाशे, साठीच्या पुढच्यांना तीनशे, आणि आधारकार्ड दाखवावंच लागतं. आत खेळांचे पैसे वेगळे नाहीत, पण खाणं महाग. खाण्यावरूनच फाटकावर गाडी अडली.

"बाहेरचं खाणं आत न्यायचं न्हाय," रखवालदार म्हणाला.

मी समजावलं. आक्का कांदा, लसूण, बटाटा खात नाहीत, आत सगळ्यात तेच असणार, शिवाय शुगरचा त्रास. माणूस वाईट नव्हता. त्यानं विचार करून तोडगा काढला. "डबा हिथं ठेवा, टोकन घ्या. जेवायच्या येळला या, हिथं बाकड्यावर बसा, जेवा, परत आत जावा. मी सोडतो की." मग त्यानं माझ्या पर्सकडं बोट केलं. "त्यात काय हाय?"

पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्यांचं पाकीट होतं. आक्कांची साखर कधी अचानक उतरली तर म्हणून मी ते चार वर्षं जवळ बाळगते. नियम म्हणजे नियम, असं म्हणून मी ते शहाण्यासारखं डब्याच्या पिशवीत टाकलं आणि सत्तावीस नंबरचं टोकन घेतलं. रखवालदारानं गोळ्या मागितल्याही नव्हत्या.

महोत्सवाबद्दल मात्र खोटं बोलणार नाही, डोळे निवतात. पिटुनियाचे जांभळे गालिचे, माणसाच्या तोंडाएवढे डेलिया, गुलाबांच्या कमानी. चपलेजवळ फोटोसाठी रांग होती आणि पैलवानाच्या दंडावर कुणाचं तरी पोर चढू बघत होतं. सण म्हणून पार्कवाल्यांनी प्रत्येक खेळावर, प्रत्येक खांबावर छोट्या गुढ्या बांधल्या होत्या. आक्का शेतकऱ्याच्या घरातल्या, त्यांनी फुलांपेक्षा मातीच जास्त पाहिली. एका वाफ्याशी वाकून म्हणाल्या, "पाणी जास्त सोडल्यात. मुळं कुजत्यात अशानं." दोन तास उन्हात त्या न कुरकुरता चालल्या. मी तेव्हा त्याचा हिशेब केला नाही, अर्धी पोळी आणि दोन तास चाल.

पावणेसहाला गुलाबाच्या कमानीमागं बाकड्यावर बसून मी त्यांना सुई दिली. ही सुई मीच देते. अजितला रक्त दिसलं की घेरी येते. सुईनंतर अर्ध्या तासानं जेवण, म्हणजे सव्वासहा. सूर्य बुडणार साधारण पावणेसातला. सगळं नेहमीसारखं बसत होतं. अर्धा तास मोकळा होता, आणि मला मोकळा वेळ बघवत नाही.

"आक्का, तेवढ्यात पाळण्यात बसून येऊ. मोर बघायचाय वरून."

"मला नको गं. तू जा."

"तुम्हाला एकटं कुठं बसवू? पाचच मिनिटं."

अजित ओवीला घेऊन छोट्या रेल्वेकडं गेला होता. आक्कांनी माझ्याकडं बघितलं, पदर खोचला आणि उठल्या. त्यांना मोर बघायचा नव्हता. मला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं, इतकंच.

आमच्या केबिनमध्ये आणखी एक जोडपं बसलं. तो शिवाजी पेठेतला, एका तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. हे त्यानं दार लागायच्या आत सांगितलं. बायको दीपा, नवीनच लग्न झालेली, भरगच्च गजरा. केबिन वर चढू लागली तसा हा पठ्ठ्या मुद्दाम झोके द्यायला लागला. दीपा किंचाळली, मी डोळे वटारले, आक्कांनी दांडी घट्ट धरली. वर पोहोचलो, खाली मोर उलगडला, निळा, हिरवा, पिसाऱ्यात पिवळे डोळे. मी मोबाइल काढला आणि पाळणा थांबला.

सगळ्यात वरच्या टोकाच्या जरा अलीकडं आम्ही लोंबकळत होतो. गाणी बंद झाली होती. खालून कुणीतरी ओरडलं, "लाईट गेलीया! बसून ऱ्हावा, जनरेटर चालू करतोय!"

सहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

पहिली दहा मिनिटं गोलकीपरनं गंमत केली. दांड्यांना तोंड लावून तो खाली ओरडत होता, "ओ पावणं, जनरेटर काय पुढच्या पाडव्याला चालू करणार काय?" आजूबाजूच्या केबिनमधून हशा पिकत होता. मीही हसले. मग घड्याळात बघितलं. सुई आत गेली होती, आणि अन्न फाटकाशी पिशवीत.

अजितला फोन लावला. "डबा घेऊन ये. रखवालदाराशी भांड, काहीही कर." तो धावत गेला, खरंच भांडला, आणि सहा वीसला पाळण्याखाली येऊन उभा राहिला. मला तो वरून दिसत होता. ओवीचा हात एका हातात, आणि दुसऱ्या हातानं डबा डोक्यावर उंच धरलेला, जसा काही तो मला पोहोचणारच होता. त्या अंतराचा मला इतका संताप आला की मी दांडीवर मूठ आपटली.

"आक्का, कसं वाटतंय?"

"बरं हाय की." पण त्यांच्या ओठावर घाम होता. सुईच्या पाकिटात साखर तपासायचं मशीन होतं. बोटाला टोचलं. अडुसष्ट, म्हणजे सत्तरच्या धोक्याच्या रेषेखाली. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं. एक्कावन्न. त्यांचा हात गार पडला होता आणि बोटं थरथरत होती. खाली जनरेटर घरघरून पुन्हा पुन्हा बंद पडत होता.

"काही खायला आहे का तुमच्याकडं?" मी त्या दोघांना विचारलं. "काहीही. चॉकलेट, बिस्किट, थंड पेय."

दीपानं पर्स पालथी केली. कंगवा, टिकल्यांचं पाकीट, सेफ्टी पिना. "फाटकावर घेतलं समदं," ती रडवेली होऊन म्हणाली. गोलकीपरनं खिसे उलटे केले. शेजारच्या केबिनला हाका मारल्या. कुणाकडं काही नव्हतं, आणि असतं तरी एवढ्या अंतरावरून येणार कसं होतं? माझ्याच हातानं पिशवीत टाकलेलं लिमलेटचं पाकीट डोळ्यांपुढून हलेना. एका फोटोसाठी मी या बाईला सुई टोचून आकाशात आणून बसवलं होतं. त्या क्षणी मला माझी इतकी किळस आली, की ब्लॉग, मोर, सगळं खाली फेकून द्यावंसं वाटलं.

खाली पार्कवर सावली पसरली. डोंगराच्या कुशीतलं पार्क ते, तिथं दिवस लवकर जातो. मोर काळपट झाला. आक्कांचं डोकं माझ्या खांद्यावर कललं होतं. त्या पुटपुटायला लागल्या. आधी म्हशीला पाणी घातलं का विचारलं. घरात म्हैस नाही, त्यांच्या माहेरी होती. मग डोळे अर्धवट उघडून, रागावून म्हणाल्या, "गुढी उतरवली का गं? दिवस बुडाय लागलाय. गुढी तशीच ऱ्हायली की."

"काकू उतरवतील, आक्का..." मी म्हणाले.

मान वर केली. केबिनच्या छताच्या कडेला, दांड्यांच्या बाहेर, पार्कवाल्यांनी बांधलेली छोटी गुढी होती. बांबूची काठी, खणाचा तुकडा, सुकलेला कडुनिंब, उपडा गडवा. आणि साखरेची गाठी. मी राधानगरीत तीस पाडवे काढले, दरवर्षी गाठी बांधली, दरवर्षी संध्याकाळी गुढी उतरवून ती फोडून खाल्ली, आणि डोक्यावर हातभर उंचीवर लटकलेली गाठी मला अर्धा तास दिसली नाही.

"भाऊ," मी ओरडले, "ती गाठी! ती काढा!"

गोलकीपरनं वर बघितलं. मस्करी त्याच्या चेहऱ्यावरून पुसली गेली. बाकावर उभा राहून त्यानं दांड्यांमधून हात बाहेर घातला. केबिन कलली. दीपानं किंकाळी तोंडातच दाबली आणि दोन्ही हातांनी त्याचा पट्टा धरला. खांद्यापर्यंत हात बाहेर, गाल लोखंडावर दाबलेला, बोटं गाठीपासून वीतभर कमी. त्यानं श्वास सोडला, आणखी कलला. काठी हातात आली, पण दोरा तारेत अडकला. त्यानं हिसका दिला. गडवा निसटला आणि ठणठण करत लोखंडावर आपटत खाली गेला. खालून लोक ओरडले. गुढी आत आली.

"द्या लवकर!"

"एक सेकंद, वहिनी." त्यानं काठी कपाळाला लावली, डोळे मिटले. तेवढ्या सेकंदात मी त्याला मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग त्यानं गाठी सोडवून माझ्या हातात दिली. "दिवस बुडायच्या आत उतरवली बघा. आता परसाद."

पदराच्या टोकात चकती धरून मी ती दांडीवर ठेचली. भुगा आक्कांच्या ओठांशी नेला. त्यांनी तोंड घट्ट मिटलं.

"आक्का, साखर आहे. घ्या."

"बुडाला." त्यांची नजर खाली होती, अंधारलेल्या वाफ्यांवर. "दिवस बुडाला. आता न्हाय."

त्यांना तेवढंच कळत होतं, बाकी सगळं सुटलं होतं. मी हात जोडावेत की जबरदस्तीनं तोंड उघडावं? खरं सांगते, जबरदस्ती करायला मी हात उचललाही होता. तेव्हा दीपाच म्हणाली, "अवो ताई, हिकडं बघा की. हिकडं अजून हाय."

पश्चिमेकडं, डोंगराच्या धारेवर, सूर्य होता. बोटभर उरला होता, लाल, पण होता. जमिनीवरच्यांसाठी तो गेला होता. आम्ही वर होतो म्हणून आम्हाला दिसत होता. मी आक्कांची हनुवटी धरून त्यांचा चेहरा तिकडं वळवला.

"आहे, आक्का. बघा. वरून दिसतोय."

त्यांनी डोळे बारीक केले. बराच वेळ बघितलं, किंवा मला तो वेळ बराच वाटला. मग ओठ उघडले. मी भुगा जिभेखाली ठेवला. पुन्हा ठेचला, पुन्हा ठेवला. गोलकीपर त्याच्या बुटाच्या टाचेनं रुमालात चकत्या फोडून देत होता आणि सूर्याकडं बघून सांगत होता, "हाय अजून... हाय... हाय, मावशी, सावकाश खावा." सगळी माळ संपली तेव्हा डोंगरावर नुसती लाली होती.

दहा मिनिटांनी त्यांनी माझा हात बाजूला केला आणि म्हणाल्या, "दांडी लई गार हाय गं." मशीनवर अठ्ठ्याहत्तर आलं. मी रडायला लागले ते जनरेटर सुरू होऊन आम्ही खाली येईपर्यंत रडत होते.

खाली प्रथमोपचाराच्या खोलीत एकशे बारा. अजितनं आमच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, एवढी साखर पोटात गेलीय, बहुतेक निभावेल, पण दर अर्ध्या तासाला तपासा. खाली आली तर व्रत बाजूला ठेवून खायला घाला. मी घाबरत आक्कांकडं बघितलं.

"आली तर खाईन की," त्या म्हणाल्या. "आजारपणात चालतंय. मी काय मराय व्रत घेतल्यालं न्हाय."

अकरा वर्षांत मला हे माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. थट्टा मात्र केली होती. गोलकीपरनं आभार मानू दिले नाहीत. "मावशी, पुढल्या पाडव्याला पेठेत या, जमिनीवर बसून गाठी खाऊ," असं म्हणून तो दीपाला घेऊन भेळेच्या गाडीकडं गेला. रखवालदारानं लिमलेटचं पाकीट स्वतः आणून माझ्या हातात ठेवलं आणि मान खाली घातली.

परतीच्या वाटेवर बांबवड्यात एकदा, शिवाजी पुलाच्या अलीकडं एकदा, दोनदा तपासलं. ठीक होतं. घरी पोहोचलो तर बाल्कनीत गुढी तशीच उभी. काकू लेकीकडं गेल्या होत्या. मी तिथंच जिन्यात खाली बसले. आजच्या दिवसात आणखी एक चूक माझ्यानं पेलवत नव्हती.

"ऱ्हाऊ दे," आक्का वर बघून म्हणाल्या. "आता अंधारात कशाला? सकाळी उतरवू. उंच हाय ती, तिला वरनं दिसत आसंल अजून."

जाणाऱ्यांसाठी तेवढं लिहिते. महोत्सव बघण्यासारखा आहे, मोर खरंच सुंदर आहे, सकाळी जा. घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर गोड काहीतरी अंगावर ठेवा, कुणी काहीही म्हणो. फोटो मी काढलेला नाही. मोबाइलमध्ये त्या वेळचं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीआधी सुईची वेळ झाली. मी पाकीट अजितपुढं ठेवलं आणि म्हणाले, आजपासून तू दे. त्याचा चेहरा पांढरा पडला. मी काही बोलायच्या आत आक्का खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि दंडावरचा पदर सारला.

"तुझ्याच हातनं घेणार. तो आधी स्वतः पडंल. दे."

मी स्वयंपाकघरात गेले. आधी ताट वाढून आणून त्यांच्यापुढं ठेवलं, मग सुई हातात घेतली.